हौदाच्या दारातलं मुसळ

आमचा हौद आबांनी, माझ्या वडिलांनी, मायसाठी बांधला होता, पण हे त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. कुणी विचारलं की वडील म्हणायचे, "केळीला पाणी पायजे म्हणून बांधला." केळीच्या पाण्यासाठी घडीव दगडाचा हौद, आत उतरायला पायऱ्या, चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत आणि त्या भिंतीला एकच दार कशाला लागतं, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. माय पूर्णेकाठची. लहानपणी लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती नदीच्या पलीकडं जाऊन यायची म्हणे. आमचं गाव हट्ट्याच्या अलीकडं, कोरड्या रानातलं. होळी झाली की ओढ्यात नुसती वाळू उरायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती आबांना म्हणाली होती, "समदं हाय तुमच्या घरी, एक डुबी मारायला जागा न्हाई." एवढंच. पुन्हा कधी बोलली नाही. दोन पावसाळे गेले आणि मळ्यातल्या विहिरीशेजारी पाथरवट येऊन बसले. गावानं चेष्टा केलीच. "काय आबा, कारभारणीसाठी समिंदर बांधून राहिले म्हणं!" आबा म्हणायचे, "तुमच्याबी कारभारणीला पाठवा, तिलाबी पोहू द्या."

विहिरीवर मोट चालायची. मोटेचं पाणी धो धो करत विहिरीकाठच्या दगडी थारोळ्यात पडायचं, तिथून दगडी पन्हळीतून भिंतीखालनं हौदात यायचं, आणि हौद भरून वाहिला की पाटानं केळीला जायचं. म्हणजे आमच्या केळीला आधी आम्ही पोहलेलं पाणी मिळायचं. केळी गोड का लागते याचं कारण आम्ही पोरं तेच सांगायचो आणि काकी तोंडाला पदर लावून "श्शी!" करायची. आजही डोळे मिटले की चाकाची ती कुरकुर, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, मारोती मोटकऱ्याची हाळी आणि पाणी पडल्याचा तो गार आवाज ऐकू येतो. ऐकू येतो म्हणजे खरंच येतो. सून म्हणते, कानाच्या डॉक्टरला दाखवू. दाखवा बाई, त्याला काय ऐकू येतं तेही विचारू.

चैत्र लागला की आमचं घर पोरांनी भरायचं. काकीच्या माहेरची, मायच्या माहेरची, आत्याची, झालंच तर आत्याच्या जावेची. सगळ्यांना हौद पाहिजे. पहाटे बायका पोहून घ्यायच्या, उजाडल्यावर पोरं, आणि ऊन कललं की पुरुष माणसं. पोरं एकदा आत पडली की ओठ निळे होईस्तोवर बाहेर निघायची नाहीत. मग थारोळ्याजवळच्या लिंबाखाली ओल्या अंगानं रांग धरायची आणि माय टोपल्यातून एकेकाच्या हातावर ज्वारीची भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा ठेवायची. पोहून आल्यावरची ती भूक पुन्हा आयुष्यात लागली नाही.

पण एवढी माणसं पोहणार म्हणजे पाणी किती दिवस पाणी राहणार! ते सगळं मायच्या अंगावर होतं आणि तिनं ते आनंदानं घेतलं होतं. डोक्याला तेल लावून आलेल्याला ती हाताला धरून परत पाठवायची. पाय धुतल्याशिवाय आत पाय नाही, आणि ज्याच्या अंगाला खरूज असेल त्यानं लिंबाखाली बसून नुसतं बघायचं, मग तो पाहुण्याचा लाडका लेक का असेना. सकाळी ती पाण्यावरचा लिंबाचा पाला टोपल्यानं काढायची आणि संध्याकाळी तुरटीचा खडा फिरवायची. एवढं करूनही उन्हाळ्यात आठवड्याभरात दगडाला हिरवं बुळबुळीत शेवाळ धरायचं. म्हणून दर शनिवारी हौद मोकळा करायचा. तळाच्या भोकातला चिंध्या गुंडाळलेला लाकडी बोळा दादा पाण्यात बुडी मारून उपटायचा, सगळं पाणी केळीत सोडायचं, आणि मग माय, काकी, माझी मोठी बहीण आक्का, मी, सगळ्याजणी काष्टे मारून आत. विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, तुराट्यांचे खराटे. घासून घासून बोटांची सालं निघायची. कधीमधी भिंतींना आतून चुन्याचा हात द्यायचा. रविवारी दिवसभर मोट चालायची आणि सांजेला हौद काठोकाठ. हे रविवारीच व्हायला लागायचं, कारण सोमवारी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत. औंढ्याच्या नागनाथाचा वार. सोमवारी मोट बंद, नांगर बंद, गाडीसुद्धा नडीअडीलाच आणि तीही हा वार न पाळणाऱ्याची.

आणि हौद रिकामा असला की दारात मुसळ. हे मायनंच सुरू केलं होतं. दाराला फळ्या नव्हत्या, नुसती चौकट. एकदा रिकाम्या हौदात वासरू पडून त्याचा पाय मोडला, तेव्हापासून तिनं चौकटीच्या दोन्ही बाजूंना खोबणी करून घेतल्या आणि हौद मोकळा केला की घरातलं मुसळ आणून त्यात आडवं टाकायची, गुडघ्याच्या उंचीवर. काकी म्हणाली, "वैनी, एखादं बल्ली-बांबू टाका की, मुसळच काहून?" माय म्हणाली, "बल्ली कुणीबी वलांडतंय. मुसळ कुणी वलांडत न्हाई." खरंच होतं. आमच्यात मुसळाला पाय लावत नाहीत, ओलांडायचं तर सोडाच. चालायला लागलेल्या लेकरालासुद्धा तेवढं कळायचं. दारात मुसळ दिसलं की जो तो मुकाट मागं फिरायचा.

माझा भाऊ, दादा, आमच्यात सगळ्यात मोठा. मला पोहायला त्यानंच शिकवलं. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून मला पाण्यात सोडायचा आणि स्वतः पुढं पुढं उलटा पोहत जायचा, "ये, ये, माझं नाक धर." एक दिवस मी त्याचं नाक धरलं आणि मागं बघते तर बिंडा काठावर पडलेला. म्हणाला, "कवाचा सोडला मी. तू एकटीच पोहून राहिलीस." मी रागानं त्याच्या दंडाला चावले. त्याची स्वतःची तऱ्हा वेगळीच. पायऱ्यांनी उतरणं त्याला ठाऊक नव्हतं. दाराबाहेरच सदरा फेकायचा, तिथनंच पळत यायचं, दारातून आत शिरून काठावर एक पाय टेकला न टेकला की डोक्यावर सूर. आणि सूर मारताना "माऽऽय" अशी आरोळी. घरापर्यंत ऐकू जायची. माय चुलीपुढून म्हणायची, "आला बाई माझा बेडूक." नांदेडला शाळेत गेल्यावरही सुटीत आला की तीच तऱ्हा. वसमत स्टेशनाहून धुळीनं भरून यायचा आणि घरात पाऊल टाकायच्या आधी हौद. अंगावरची धूळ हौदाबाहेर धुऊन ये, असं माय कितीदा ओरडली असेल. सगळ्या जगाला लावलेला कायदा तिनं त्याला कधी लावला नाही.

आक्काचं लग्न ठरलं ते वैशाखात. लग्न मंगळवारचं. आठवडाभर आधीपासून पाहुणे. हौदाला दिवसभर उसंत नाही. पाणी आधी गढूळ, मग हिरवं झालं. शनिवारी माय बोळा काढायला निघाली तर आत दहा-बारा पोरं आणि त्यांचे बाप. आबा म्हणाले, "पाव्हण्यांना भाईर व्हा म्हणू का आता? उद्या कर." माय म्हणाली, "उद्या केला तर भरंल कवा? मंगळवारी वऱ्हाड यायचं, त्यांना असल्या पाण्यात उतरवू?" शेवटी रविवारी दुपारी कसाबसा मोकळा झाला. लग्नघर म्हणून चुनाही मायनं नवा दिला. मोट अंधार पडेस्तोवर चालली, बैलांच्या तोंडाला फेस आला, तरी पाणी मांडीएवढंच झालं. मारोती म्हणाला, "आबा, लगीनघर हाय. उद्याचा एक दिवस जुंपतो." आबा म्हणाले, "लेकीच्या लग्नात महादेवाचा वार मोडू? मंगळवारी पहाटं जुंप." त्यात चुकलं काय? आमच्या गावातल्या कुठल्याही बापानं हेच सांगितलं असतं. मायनं दारात मुसळ टाकलं आणि पोरांना बजावलं, "मंगळवारपत्तुर कुणी तिकडं फिरकायचं न्हाई."

नातीच्या नव्या सोसायटीत पोहायचा हौद आहे. मागच्या उन्हाळ्यात मला खुर्चीवर बसवून दाखवायला नेलं होतं. निळ्या फरश्या, औषधाचा वास, पोरांच्या डोळ्यांना चष्मे. काठावर जागोजागी आकडे रंगवलेले. मी तिथल्या माणसाला विचारलं, हे काय लिहिलंय? तो म्हणाला, "आजी, पाणी किती खोल ते कळावं म्हणून." मी नातीला म्हटलं, मला घरी ने. तिला वाटलं ऊन लागलं.

सोमवारी सकाळी हळद. त्याच्या आधी घाणा. आता कुणाला घाणा माहीत नसतो म्हणून सांगते. लग्नाची हळद पहिल्यांदा उखळात घालून पाच सवाष्णींनी कांडायची. मुसळाला आंब्याचे डहाळे बांधायचे, हळदकुंकू लावायचं, आणि पाचहीजणींनी एकदम मुसळ धरून गाणी म्हणत घाव घालायचे. त्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. मांडवात उखळ मांडलं, बायका जमल्या, हळकुंडं पडली, आणि कुणीतरी म्हणालं, मुसळ कुठाय? माय डहाळे बांधायची सुतळी हातात घेऊन उभी होती. तशीच ती मळ्याकडं चालत गेली आणि खांद्यावर मुसळ घेऊन आली. मळा घराला लागूनच. येताना हसत होती. लेकीच्या लग्नाचं मुसळ कुणा गड्याकडून कशाला आणायचं, असं तिला वाटलं असणार. मुसळ काढलं तर दारात दुसरं काही टाकावं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. मांडवातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पोरं सगळी मांडवातच होती, गूळ-खोबरं वाटणार होते ना.

दादा मंगळवारी पहाटे यायचा होता. त्याला एक दिवस आधी सुटी मिळाली आणि वसमतहून कुणा बागवानाच्या टांग्यानं फाट्यापर्यंत, पुढं उन्हातून चालत असा तो आला. मळ्याच्या वाटेनं. मांडवात गाणं रंगात आलं होतं, मुसळाचे घाव बसत होते, आक्का पाटावर लाजून बसली होती. तेवढ्यात मळ्याकडून ती आरोळी आली. "माऽऽय!" माय गाता गाता थांबली, तिचं सगळं तोंड उजळलं. "आला बाई माझा..." एवढं म्हणाली आणि तिनं खाली हातातल्या मुसळाकडं पाहिलं. त्या आरोळीमागं नेहमी धबाक असा मोठा आवाज यायचा. तो आला नाही. बाकीच्या चौघींच्या हातातून मुसळ सुटलं, मायच्या नाही. ते तसंच हातात घेऊन ती पळाली, डहाळे वाटेत गळत गेले.

नव्या चुन्यानं पाणी दुधासारखं झालं होतं. तळ दिसत नव्हता. वरून बघणाऱ्याला पाणी खाली गेलंय एवढं दिसलं असतं, पण ते मांडीएवढं आहे की पुरुषभर, कळलंच नसतं. त्यात तो बघायला थांबला असता तर दादा कसला? आम्ही पोचलो तेव्हा तो पाण्यावर पालथा तरंगत होता. मारोतीनं आणि काकांनी पायऱ्यांनी उतरून बाहेर काढला. जिवंत होता. डोळे उघडे होते. पण मानेखाली त्याचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. वसमतचे डॉक्टर आले, हकीम आले, हाडवैदही आला. तिघांनीही जाताना आबांना बाजूला नेलं. लग्न थांबवायचं ठरत होतं तर माडीवर निजवलेला दादाच म्हणाला, "काहून थांबवता? मला माडीवरनं दिसतंय समदं. अक्षता टाकायला हात न्हाईत, तेवढंच." आक्काचं लग्न झालं. तिच्यासारखी रडलेली नवरी मी दुसरी पाहिली नाही.

वऱ्हाड गेलं, पाहुणे गेले आणि घर एकदम ओस पडलं. आबांनी दादाला खालच्या सोप्यात, मळ्याकडच्या खिडकीशी निजवलं. त्याचं सगळं काकी करायची. मी पाणी पाजायची, माशा वारायची. माय मात्र त्याच्यासमोर येत नव्हती. येतच नव्हती! स्वयंपाक करायची, ताट वाढून काकीच्या हातात द्यायची आणि उंबऱ्याच्या अलीकडं भिंतीला टेकून बसायची. त्याला ती दिसायची नाही, तिला तो दिसायचा नाही. जेवण सोडलं होतं तिनं. ताकाचा घोट घेतला तर घेतला. काकी समजूत घालायची, "वैनी, तो इचारतो वो तुमाला." माय म्हणायची, "कोणत्या तोंडानं जाऊ?" गावात कुजबुज होतीच. समाचाराला आलेली एक म्हातारी सोप्यात बसूनच म्हणाली, "पण त्या दारातलं मुसळ कुणी उचललं म्हन्ते मी?" दादानं ऐकलं. उंबऱ्याआड मायनंही ऐकलं. त्या दिवसापासून तिनं ताकही सोडलं. आबा घाबरले. इकडं पोरगं असं, तिकडं बायको तशी. ते एकदा पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "हौदच बुजवून टाकतो. दोघांच्या मुळावर उठला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं मला सांगितलं, "आबाला बोलाव. काकीला बोलाव. मायला म्हणावं, दाराशी यायची गरज न्हाई, बसल्या जागी ऐक." सगळे आले. बाहेर ढग भरून आले होते, घरात अंधारून आलं होतं. दादा वर आढ्याकडं बघत मोठ्यानं बोलला, पलीकडं ऐकू जावं असं. "आबा, हौद बुजवायचा न्हाई. त्याचा काई कसूर न्हाई. कसूर माझा हाय. दारात मुसळ व्हतं."

आबा म्हणाले, "अरे पण..."

"व्हतं मुसळ," दादा म्हणाला. "मी बघितलं. बराबर बघितलं. पण उन्हातून आल्तो, अंगाची आग व्हऊन राहिली व्हती. म्हटलं, कोण बघतंय. वलांडून गेलो." आणि त्यानं मान हलवता येत नसताना नुसते डोळे वळवून आबांकडं पाहिलं. आबांनी तोंड मिटलं. काकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचा हात त्या मुसळावर होता, त्या वेळी, मांडवात. माझ्या डोळ्यांसमोर ते मुसळ हळदीनं पिवळं झालं होतं. सोप्यात एकही माणूस असा नव्हता, ज्याला खरं काय ते माहीत नव्हतं.

उंबऱ्यापलीकडं बांगड्या वाजल्या. माय भिंतीला धरून उठली आणि आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला पाहिलं. वाळून गेली होती. त्याच्या उशाशी बसली, त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि रागावली. खरीखुरी रागावली, तो लहान असताना रागवायची तशी. "काहून वलांडलंस रं? किती डाव सांगितलं तुला, मुसळाला पाय लावायचा न्हाई म्हणून! कधी ऐकलंस माझं? कधी एक डाव तरी ऐकलंस?" बोलता बोलता तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्या छातीला तिचा भार कळत नव्हता. दादा म्हणाला, "चुकलं माय." आणि मग म्हणाला, "भूक लागली. तू चार."

तेव्हापासून तीच चारायची. एक घास त्याला, एक घास स्वतःला. तो म्हणायचा, आधी तू खा, मगच मी तोंड उघडतो. त्या पावसाळ्यात दोघांचं बोलणं कधी संपलंच नाही. सांजेला मी बाहेरून आले की आतून हसण्याचा आवाज यायचा. माय पूर्णेच्या पुरातल्या गोष्टी सांगायची. मुसळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटतं, काढायची गरजच नव्हती. तो खोटं बोलला हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. ती त्याच्यासाठी ते खोटं गिळून जगली, बस. दिवाळीच्या आत दादा गेला. पाठीला जखमा झाल्या होत्या, ताप उतरत नव्हता. शेवटच्या दिवसांत एकच म्हणत राहिला, "उन्हाळ्यात पोरं येतील. त्यांना पोहू दे माय."

आणि तिनं पोहू दिलं. पुढच्या चैत्रात पोरं आली तशी ती उठली, टोपलं घेऊन पाला काढायला गेली. शनिवारी बोळा, शेंड्या, खराटे, सगळं तसंच. आमच्या भागात रझाकारांची धामधूम सुरू झाली, आबांनी आम्हाला काही महिने कनेरगावच्या पलीकडं, इंग्रजी मुलखातल्या नातेवाइकांकडं ठेवलं, तेव्हाही ती दर शनिवारी विचारायची, "हौदाचं काय झालं असंल?" निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो, तेव्हा हौदात बाभळीची काटकं आणि गाळ भरलेला होता. घरात जायच्या आधी तिनं काष्टा मारला. मी आणि काकी तिच्यामागं उतरलो. पाण्यात मात्र ती स्वतः कधी पोहली नाही, दादा गेल्यानंतर एकदासुद्धा नाही. आबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "केळीसाठी बांधलाय ना तुमी?" आबा उठून बाहेर गेले.

माझं लग्न त्यानंतरच्या वैशाखात झालं. घाण्यासाठी शेजारच्या घरून मुसळ आणलं. मांडवात गाणी सुरू झाली, मी पाटावर बसले, पण माय कुठं दिसेना. मी हट्ट धरला, मायशिवाय हळद लावून घेणार नाही. काकी शोधायला निघाली तशी नवरी असून मीही तिच्यामागं गेले. हौद त्या दिवशी काठोकाठ भरलेला होता. मोट आदल्या दिवसापासून चालली होती, पाणी स्वच्छ, तळाचे दगड मोजावेत असं. आणि दाराच्या खोबणीत आमचं मुसळ आडवं. त्याला टेकून माय जमिनीवर बसली होती, एक हात त्याच्यावर ठेवून.

काकी म्हणाली, "वैनी, हौद तर भरलाय. मग मुसळ काहून?"

मायनं हात काढला नाही. म्हणाली, "असू द्या. आज घरात लगीन हाय."